शिल्लक ठरवलेले पाणी

पालघर जिल्ह्यात वर्षाला सरासरी दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पर्जन्यमानाचा नकाशा पाहून या जिल्ह्याला कोणी कोरडा म्हणणार नाही. पण हा पाऊस जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत पडून मोकळा होतो, सह्याद्रीचा उतार तीव्र असल्याने ओढ्या-नाल्यांतून काही तासांत खाडीला पोहोचतो आणि माघ उलटला की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहणे सुरू होते. वर्षातले आठ महिने हा प्रदेश पाण्याच्या दृष्टीने कोरडा असतो. त्या आठ महिन्यांत नदीत आणि धरणात जे पाणी असते तेच खरे वाटपाचे पाणी, आणि ते कोणाचे, हाच इथल्या गेल्या पन्नास वर्षांतला सर्वांत मोठा प्रश्न आहे. सूर्या नदीवर धामणीचे धरण आदिवासी शेतकऱ्याच्या सिंचनासाठी बांधले गेले. आज त्या धरणातल्या पाण्याचा मोठा वाटा वसई-विरारला जातो, मीरा-भाईंदरसाठी आरक्षित आहे आणि तारापूरची औद्योगिक वसाहतही सूर्याच्याच पाण्यावर उभी आहे. हे पाणी रातोरात कोणी पळवले नाही. एकाच पाण्याचा शब्द अनेकांना दिला गेला आणि ज्याला तो सर्वांत आधी दिला होता त्याच्यापर्यंत कालवा पोहोचला नाही, म्हणून त्याचा वाटा ‘शिल्लक’ धरला गेला. शिल्लक ही स्थिती निसर्गाने निर्माण केली नव्हती. ती कशी घडवली गेली, हे सूर्या प्रकल्पाच्या इतिहासातून टप्प्याटप्प्याने दिसते.

सूर्या ही वैतरणेची उत्तरेकडची मोठी उपनदी. जव्हारच्या डोंगरांतून निघून विक्रमगड, डहाणू आणि पालघर या तालुक्यांतून वाहत ती वैतरणेला मिळते. वैतरणेच्या खोऱ्यावर मुंबईची नजर फार जुनी आहे. १८९२ मध्ये तानसा धरण पूर्ण झाले, १९५७ मध्ये वैतरणेवरचा मोडक सागर, १९७३ मध्ये अप्पर वैतरणा, २०१४ मध्ये मध्य वैतरणा. शहर वाढत गेले तसे ते या खोऱ्यात एकेक धरण वाढवत गेले. या धरणांनी शहापूर, वाडा, मोखाडा भागातल्या लोकांच्या जमिनी घेतल्या आणि नळ मात्र मुंबईत उघडले, हा अन्याय उघड आहे. तरीही तिथे एक स्पष्टता होती. तानसा आणि मोडक सागर शहरासाठीच बांधले गेले. आजूबाजूच्या शेतकऱ्याला सिंचनाचे वचन देऊन ते उभे राहिले नाहीत. सूर्याची गोष्ट इथेच वेगळी होते. सूर्याच्या धरणाचे समर्थनच मुळी आदिवासी भागातल्या शेतीवर उभे होते.

ते समर्थन पोकळ नव्हते. १९३८-३९ च्या सुमारास डी. सायमिंग्टन या अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या आदिवासींच्या स्थितीवर सरकारला अहवाल दिला, त्यात ठाणे जिल्ह्यातल्या वेठबिगारीचे आणि सावकारीचे वर्णन आहे. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा उठाव झाला, वेठ मोडली गेली, तलवाड्याला गोळीबारात माणसे मेली. पुढे कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने निदान कायद्यात तरी जमीन कसणाऱ्याची झाली. पण जी जमीन हाती आली ती बहुतेक वरकस किंवा पावसावरच्या भाताची. खरिपात भात, नागली, वरी. जिथे ओल टिकते तिथे थोडा वाल किंवा हरभरा. दिवाळीनंतर शेत मोकळे आणि माणूसही मोकळा. मग कुटुंबेच्या कुटुंबे वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर, रेतीवर, मिठागरांवर जायची. इथल्या बोलीत याला ‘जगायला जाणे’ म्हणतात. मुले, कोंबड्या, भांडीकुंडी बरोबर घेऊन जायचे आणि रोहिणीच्या सुमारास पेरणीला परतायचे. जमिनीचा हक्क मिळूनही वर्षातले सहा-सात महिने दुसऱ्याच्या भट्टीवर राबावे लागते, कारण जमिनीला पाणी नाही, हे ज्यांना दिसले त्यांनी सिंचनाला जमिनीच्या हक्काइतकेच महत्त्व दिले. दुबार पीक झाले तर स्थलांतर थांबेल, मूल शाळेत टिकेल, घरात दाणे राहतील. १९९२ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीतले बालमृत्यू राज्यभर गाजले, तेव्हा तर हे आणखी ठळकपणे समोर आले.

सूर्या प्रकल्पाची आखणी १९७० च्या दशकातली. पाचव्या पंचवार्षिक योजनेत आदिवासी उपयोजना सुरू झाली तोच हा काळ. धामणीला मुख्य धरण, त्याखाली कवडास इथे उन्नैयी बंधारा आणि बंधाऱ्यापासून निघणारे उजवा आणि डावा असे दोन कालवे. धरणाचा उपयुक्त साठा सुमारे २७६ दशलक्ष घनमीटर आणि लाभक्षेत्र सुमारे १४,७०० हेक्टर, डहाणू, पालघर आणि विक्रमगड तालुक्यांतले. बुडितात गेलेल्या कुटुंबांना चंद्रनगर आणि हनुमाननगर इथे वसवले गेले आणि त्यांच्या जमिनीचे, पाण्याचे, नागरी सोयींचे प्रश्न पुढे वर्षानुवर्षे आदिवासींमध्ये काम करणाऱ्या कष्टकरी संघटनेला लढावे लागले. हा तपशील महत्त्वाचा, कारण प्रकल्पाची किंमत आधी कोणी मोजली हे त्यातून कळते. धरणासाठी गाव सोडणारा आदिवासी, कालव्यासाठी जमीन देणारा आदिवासी आणि लाभधारक म्हणून कागदावर असलेलाही आदिवासीच. त्याने आपली बाजू पूर्ण केली. धरण उभे राहिले, पाणी अडले, कालव्याचे मुख्य काम झाले. उरला तो शेवटचा, सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत जास्त चिकाटीचा टप्पा: मुख्य कालव्यातून वितरिका, वितरिकेतून लघुवितरिका, तिथून पाटचारी आणि पाटचारीतून प्रत्येकाच्या बांधापर्यंत शेतचारी.

सिंचन प्रकल्प फसतात ते इथे. पालघरची जमीन सपाट नाही. खाचरे, टेकाडे, मधे वनजमिनीचे तुकडे, त्यावर पिढ्यान्पिढ्या कसले जाणारे वनप्लॉट ज्यांची मालकी २००६ च्या वनहक्क कायद्यानंतरही अनेक ठिकाणी पूर्णपणे नोंदली गेली नाही. अशा भूभागात चारी काढायची तर मोजणी, संपादन, मोऱ्या आणि दर पावसाळ्यानंतर गाळ उपसणे आले. डांबरी रस्त्यालगत जाणारा कालवा डोळ्यांना भरतो. पण त्याच कालव्याच्या कडेला, मोरीच्या तोंडाशी दगड लावून पाणी वळवलेले, पुढची चारी गवताने बुजलेली आणि त्यापुढे शंभर-दोनशे मीटरवर तडकलेले खाचर, अशी ठिकाणे लाभक्षेत्रात थोडी नाहीत. पाणी तिथून दिसते, पण शेतात येत नाही. शिवाय पाण्याची मागणी नोंदवण्याची आपली पद्धत अर्जाची आहे. पाटबंधारे खात्याच्या नमुना ७ वर शेतकऱ्याने हंगामाआधी अर्ज करायचा, थकबाकी भरायची, मग आवर्तनात त्याचे क्षेत्र धरले जाते. रब्बी हंगाम १५ ऑक्टोबरला सुरू होतो. नेमके त्याच सुमारास, भात झोडून झाले की, अर्ज करू शकणारा माणूस कुटुंबासह भट्टीवर निघालेला असतो. गेल्या वर्षी पाणी आले नाही म्हणून तो यंदा जातो, आणि तो गेला म्हणून यंदा मागणी नोंदली जात नाही. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत जेव्हा आकडे मांडले जातात तेव्हा ‘मागणी कमी’ एवढेच दिसते, त्यामागची वीटभट्टीची वाट दिसत नाही. कालवा अपुरा ठेवायचा, त्यामुळे पाणी वापरले जात नाही, ते वापरले जात नाही म्हणून शिल्लक ठरते, आणि शिल्लक आहे म्हणून दुसऱ्याला देता येते. या साखळीत कोणाचा हेतू वाईट असण्याचीही गरज नाही. ती खात्याच्या नेहमीच्या कामकाजातून आपोआप पूर्ण होते, आणि म्हणूनच ती मोडणे अवघड आहे.

दुसऱ्या टोकाला याच काळात तहान वाढत होती आणि ती खोटी नव्हती. तारापूरला १९६९ मध्ये देशातले पहिले व्यापारी अणुवीज केंद्र सुरू झाले आणि सत्तरच्या दशकापासून बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली. पुढे तिथे हजाराहून अधिक कारखाने झाले, रसायन, औषधे, कापड, पोलाद. अणुवीज केंद्र थंडाव्यासाठी समुद्राचे पाणी घेते, पण कारखान्यांना आणि वसाहतींना गोडे पाणी लागते आणि ते सूर्यातून येते. दक्षिणेला वसई. विहिरींवर आणि बावखलांवर, म्हणजे पाणी साठवणाऱ्या लहान तळ्यांवर, केळी, पानवेल, भाजीपाला पिकवणारा हा पट्टा ऐंशीच्या दशकात इमारतींनी व्यापू लागला. गोड्या विहिरींतून टँकर भरभरून पाणी उपसले जाऊ लागले आणि उपसा वाढला तशा विहिरी मचूळ होऊ लागल्या, म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने आंदोलन केले. त्या आंदोलनातून एक गोष्ट स्पष्ट झाली होती: वसईच्या जमिनीत नवे शहर पोसेल एवढे पाणी नाही. तरी शहर वाढू दिले गेले. २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली, २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांवर होती. सूर्याचे पाणी मासवणच्या उदंचन केंद्रातून उचलून, धुकटणला शुद्ध करून, जलवाहिनीने दक्षिणेला नेले जाऊ लागले. आधी दिवसाला १०० दशलक्ष लिटर, मग आणखी १००. पालघर शहर आणि परिसरातल्या गावांची नळयोजनाही त्याच नदीवर आहे. म्हणजे धामणीतून सोडलेले पाणी नदीपात्रातून मासवणपर्यंत येते ते मुख्यतः पंपांसाठी, कालव्यांसाठी नव्हे.

कायद्याने हे कसे होऊ दिले, ते पाहणे गरजेचे आहे. ब्रिटिशांनी १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्याने नद्यांच्या पाण्यावर सरकारचा अधिकार प्रस्थापित केला. १९७६ च्या महाराष्ट्र पाटबंधारे कायद्याने तीच चौकट पुढे चालवली. या चौकटीत शेतकरी पाण्याचा मालक नसतो, अर्जदार असतो. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाला दुसरा आणि शेतीला तिसरा क्रम मिळाला. त्याच सुमारास जलसंपदा मंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील उच्चाधिकार समिती सिंचन प्रकल्पांतले पाणी एकापाठोपाठ एक शहरांकडे आणि उद्योगांकडे वळवण्याचे निर्णय घेऊ लागली. अमरावतीचे अप्पर वर्धा, पेणजवळचे हेटवणे, ही त्यातली गाजलेली प्रकरणे. २००५ मध्ये राज्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला आणि शेतकऱ्यांनी सिंचन व्यवस्थापन करण्याचा कायदाही केला. तेव्हा वाटले की आता पाण्याचे हक्क मोजून, लिहून दिले जातील आणि वाटप बदलायचे तर सर्वांना ऐकून घ्यावे लागेल. पण एप्रिल २०११ मध्ये प्राधिकरणाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. क्षेत्रीय वाटपाचा अधिकार मंत्रिमंडळाकडे गेला, उच्चाधिकार समितीच्या आधीच्या निर्णयांना संरक्षण मिळाले, आणि जिथे लाभक्षेत्र आखून पाणीवापर संस्थांचे हक्क ठरवले गेले असतील तिथेच हक्काची भाषा लागू राहील असे ठरले. त्याच वर्षी शेतीला पुन्हा दुसऱ्या क्रमांकावर आणले गेले, याचे स्वागत झाले. पण ज्या पाड्यापर्यंत चारीच नाही तिथे पाणीवापर संस्था होत नाही, संस्था नाही म्हणून हक्क नोंदला जात नाही, आणि हक्क नोंदलेला नाही म्हणून तो हिरावल्याची तक्रारही कायद्याच्या चौकटीत बसत नाही. प्राधान्यक्रमाच्या यादीत शेती दुसरी आहे, पण सूर्याच्या शेवटच्या शेतकऱ्याचे नावच या यादीपर्यंत पोहोचलेले नाही.

याच पार्श्वभूमीवर मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजना आली: दिवसाला ४०३ दशलक्ष लिटर. त्यातले २१८ मीरा-भाईंदरला आणि १८५ वसई-विरारला. कवडासहून उपसा, सूर्यानगरला शुद्धीकरण, मेंढवण खिंडीत आणि तुंगारेश्वरच्या डोंगरात बोगदे. पालघरमध्ये सूर्या पाणी बचाव संघर्ष समितीने विरोध संघटित केला, मोर्चे निघाले. योजना थांबली नाही. २०२३ च्या अखेरीस वसई-विरारचा टप्पा सुरू झाला.

इथे हिशेब मांडूया, आणि तो प्रामाणिकपणे मांडूया. ४०३ दशलक्ष लिटर रोज म्हणजे वर्षाला सुमारे १४७ दशलक्ष घनमीटर. वसई-विरारचे आधीचे २०० मिळवले तर रोज ६०३ दशलक्ष लिटर, म्हणजे वर्षाला सुमारे २२० दशलक्ष घनमीटर. धरणाचा उपयुक्त साठा २७६. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘शेतीला काहीच उरले नाही’ असे म्हणता येईल, पण ते बरोबर ठरणार नाही. पावसाळ्यात नदी वाहती असते, तेव्हाचा उपसा साठ्यातून होत नाही. मध्य ऑक्टोबर ते मध्य जून हे आठ महिने धरले तर शहरांसाठी साठ्यातून जाणारे पाणी सुमारे १४५ भरते. उरले १३१. त्यातून तारापूरचे कारखाने, पालघर-डहाणूच्या नळयोजना, उन्हाळ्यातले बाष्पीभवन आणि पुढच्या वर्षासाठीचा राखीव साठा वजा करा. ढोबळमानाने नव्वद ते शंभर उरतील असे समजू. आपल्या कालव्यांत निम्मे पाणी वाटेतच मुरते हे पाटबंधारे खात्यालाही मान्य आहे, म्हणजे शेतावर पोहोचणार सुमारे पन्नास. उन्हाळी भाताला हेक्टरी सव्वा मीटर खोलीचे पाणी धरले तर यात चार हजार हेक्टर भिजतात, लाभक्षेत्राच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. वाल, भाजीपाला, कडधान्य अशी हलकी पिके घेतली तर मात्र जवळपास सगळे लाभक्षेत्र एकदा भिजू शकते, अर्थात चाऱ्या बांधलेल्या असतील, आवर्तन ठरल्या दिवशी येईल आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचेल तरच. या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. शहर आणि शेत यांनी एका धरणावर जगणे अजून अशक्य झालेले नाही. पण तोट्याची सगळी जोखीम शेतावर टाकलेली आहे. शहराचा आकडा रोजचा आणि करारबद्ध आहे. शेतीचा आकडा म्हणजे इतरांनी घेऊन झाल्यावरचा उरलेला भाग. पाऊस कमी झाला, गळती वाढली, गाळ साचला, नवा उद्योग आला, तरी कपात होणार ती याच उरलेल्यातून.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे आणि तो टाळता कामा नये: पिण्याच्या पाण्याला पहिले प्राधान्य द्यायलाच हवे. विरार-नालासोपाऱ्याच्या चाळीत पहाटे हंडे घेऊन उभी असलेली बाई काही श्रीमंत नसते. ती आणि भट्टीवर जाणारी विक्रमगडची बाई, दोघी एकाच व्यवस्थेने पिळलेल्या आहेत. प्राधान्य मान्यच आहे. प्रश्न प्राधान्याचा नसून त्याच्या व्याप्तीचा आहे. पिण्याचे पाणी म्हणून जो आकडा मंजूर होतो त्यात बांधकाम, व्यापारी संकुले, जलवाहिन्यांतली गळती, मंजुरी मिळालेल्या पण अजून न बांधलेल्या इमारती, सगळे असते. शहराला आधी वाढू द्यायचे आणि मग त्याची तहान मूलभूत गरज म्हणून मांडायची, हा क्रम उलटा आहे. विकास आराखडा मंजूर करताना पाण्याचा स्रोत दाखवणे बंधनकारक असते आणि तो स्रोत दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याची संमती व भरपाई आवश्यक असती, तर वसई-विरारची वाढ वेगळी झाली असती. शहराने सांडपाणी शुद्ध करून उद्योगाला आणि बागांना वापरले असते, पावसाचे पाणी साठवले असते, बावखले बुजवली नसती. ते स्वस्त नव्हते. डोंगरातून नळ टाकणे स्वस्त वाटले, कारण धामणीच्या पाण्याची किंमत मोजताना शेतकऱ्याच्या बुडालेल्या दुसऱ्या पिकाची किंमत कुठेच धरली गेली नाही.

दुसरा आक्षेप असा की आदिवासी शेतकरी कालव्याचे पाणी वापरतच नाही, त्याला दुबार शेतीची सवय नाही. याला उत्तर लाभक्षेत्रातच उभे आहे. कालव्याचे पाणी जिथे वेळेवर पोहोचले, त्या डहाणूतल्या वाणगाव पट्ट्यात ढोबळी मिरची आणि भाजीपाला उभा राहिला. जिथे आवर्तन भरवशाचे होते तिथे उन्हाळी भात लावला गेला. सवय पाण्याबरोबर येते. विक्रमगड-जव्हारचा मोगरा विहिरींच्या तुटपुंज्या पाण्यावर मुंबईच्या बाजारात पोहोचतो, तेव्हा शेतकऱ्याच्या उद्यमशीलतेवर शंका घेण्याचे कारण उरत नाही. उपयोग झाला नाही म्हणून हक्क जातो, हे तत्त्व अमेरिकेच्या पश्चिम भागात चालते. तिथेही कोलोरॅडो नदीचे १९२२ मध्ये झालेले वाटप भरपूर पावसाच्या वर्षांच्या आकड्यांवर बेतले गेले, नदीत नाही एवढे पाणी राज्यांना वाटले गेले आणि ज्या मूळ रहिवासी जमातींचे हक्क कायद्याने सर्वांत जुने होते त्यांना ते प्रत्यक्षात वापरण्यासाठी दशकानुदशके भांडावे लागले. पण तिथे न्यायालयाने निदान हे तत्त्व मान्य केले की राखीव प्रदेशातल्या जमातीने पाणी वापरले नाही म्हणून तिचा हक्क बुडत नाही. आपल्याकडे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीचे आदिवासी क्षेत्र असूनही असा विचार सूर्याच्या वाटपात आला नाही.

तिसरा आक्षेप, पावसाळ्यात एवढे पाणी समुद्रात वाया जाते तर धरणातल्या पाण्यावरून वाद कशाला. पुराचे पाणी वाया जात नाही. वैतरणेच्या खाडीतले खाऱ्या-गोड्या पाण्याचे संतुलन, खाडीतले मासे, किनाऱ्याला मिळणारा गाळ त्यावर अवलंबून आहे. आणि तारापूरच्या कारखान्यांतून नवापूर-दांडीच्या बाजूला बाहेर पडणाऱ्या सांडपाण्याविरुद्ध मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला राष्ट्रीय हरित लवादात जावे लागले, हेही विसरता येत नाही. सूर्याचे जे पाणी शेतातून उचलले गेले त्यातला एक भाग दूषित होऊन मच्छीमाराच्या ताटात परत आला. शिवाय वाद पुराच्या पाण्याचा नाहीच. वाद आहे ऑक्टोबरनंतरच्या साठ्याचा, आणि तो मर्यादितच आहे.

गोदावरीच्या खोऱ्यात हीच झुंज वेगळ्या तऱ्हेने लढली गेली. जायकवाडीच्या वर नाशिक-नगर भागात इतकी धरणे आणि कालवे झाले की १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडीला बहुतेक वर्षी पुरेसे पाणी मिळेना. मराठवाड्याने आवाज उठवला, २००५ च्या कायद्यातल्या समन्यायी वाटपाच्या कलमाचा आधार घेतला आणि २०१४ मध्ये प्राधिकरणाने वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा आदेश दिला. तो आदेश अपुरा असेल, त्यावरची भांडणे अजून थांबलेली नाहीत. पण वरच्याने किती घेतल्यावर खालच्याला किती सोडायचे, याची एक लेखी पद्धत तिथे तयार झाली. मराठवाड्याकडे आमदार होते, वकील होते, वर्तमानपत्रे होती. सूर्याच्या बाबतीत पाणी मागणारा महानगरात आहे आणि पाणी गमावणारा पाड्यावर. जिल्हा २०१४ च्या १ ऑगस्टला स्वतंत्र झाला, तरी त्याचा सर्वांत मोठा मतदारवर्ग वसई-विरारमध्येच राहतो.

जे नळ टाकले गेले ते उपटता येणार नाहीत आणि तशी मागणीही कोणी शहाणा माणूस करणार नाही. पण वाटप पुन्हा लिहिता येते. धामणीच्या साठ्यातला एक आकडा, दशलक्ष घनमीटरमध्ये, लाभक्षेत्राच्या नावावर राखीव म्हणून अधिसूचित करायचा; तुटीच्या वर्षी शहर, उद्योग आणि शेत यांची कपात कोणत्या प्रमाणात होईल हे आधीच ठरवायचे; शहरांनी दिलेल्या पाणीपट्टीतला ठराविक भाग चाऱ्या पूर्ण करायला लावायचा; आणि नमुना ७ ची वाट न बघता, दिवाळीआधी, माणूस पाड्यावर असतानाच, पाणीवापर संस्था बांधायच्या. यातले एकही काम कायद्याच्या बाहेरचे नाही. हे तातडीने हवे, कारण याच डोंगरांत पुढचे प्रकल्प तयार आहेत. वाड्यात मुंबई महापालिकेचे गारगाई धरण, पिंजाळवरचे धरण, त्यापुढे दमणगंगा-पिंजाळ आणि दमणगंगा-वैतरणा-गोदावरी नदीजोड, ज्यांतले एक पाणी मुंबईला आणि दुसरे नाशिक-मराठवाड्याकडे नेऊ पाहते. वाढवणचे बंदर उभे राहील तेव्हा त्याच्या वस्तीचीही तहान असेल. या प्रत्येक प्रस्तावात कुठेतरी स्थानिक सिंचनाचा उल्लेख येईल, जसा तो सत्तरच्या दशकात सूर्याच्या प्रस्तावात आला होता. तेव्हा ग्रामसभांनी अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्याखाली पहिला प्रश्न विचारायचा तो धरणाच्या उंचीबद्दल किंवा भरपाईच्या दराबद्दल नव्हे. शेतीचे किती दशलक्ष घनमीटर, कोणाच्या नावावर, आणि कालवा अपुरा राहिला तरी ते कोणालाही देता येणार नाहीत असे कुठल्या कलमात लिहिले आहे, एवढाच.